या खात्याला हात लावू नये

टिंग... भांड्यांच्या जाळीत उभा ठेवलेला चमचा आपोआप घसरला आणि ताटलीच्या कडेवर आपटून तिथेच टेकला. इतकंच. पण घर इतकं गप्प होतं की तिला वाटलं, हा आवाज भिंतीतून आत जाईल, आतल्या पलंगापर्यंत पोचेल आणि तिथे पालथी झोपलेली खारू एक डोळा उघडेल — आणि एक उघडला की दुसरा उघडायला वेळ लागत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, लॅपटॉपवर हात अधांतरी धरून, ती थांबली. आकडे मोजले. वीस. तीस. आत काही हललं नाही. चमचा तिरका पडला होता, त्याच्या खोलगट भागात खिडकी उलटी दिसत होती, आणि ती बघत राहिली, कारण चमच्याकडे बघणं सोपं होतं. पडद्याकडे बघायचं म्हणजे कोतवालाचा निरोप परत वाचायचा.

‘तुझा नवा कंपायलर माझ्याकडे चालत नाही. लायब्ररी उघडता येत नाही म्हणतोय. तुझ्याकडे चालतो?’

चालतो. तिच्याकडे चालतो. सकाळपासून तीनदा चालवून बघितला, दरवेळी शहाण्यासारखा चालला, आणि म्हणूनच तिला काही सुधरेना. यंत्र एकच — ऑफिसातलं नवं मोठं यंत्र, ज्यात ती घरून शिरते, त्यातच कोतवाल तिथून शिरतो. फाइल तीच, हाक तीच. मग माझ्या हाकेला ओ द्यायची आणि त्याच्या हाकेला तोंड फिरवायचं, हे कसं काय... खारू करते असं. पण खारू सव्वातीन वर्षांची आहे. तिला खारू म्हणतात तेही त्यामुळेच — घास गालात साठवून तासभर बसते आणि कुणाच्या तरी एकाच्याच सांगण्यावरून गिळते. ते कुणीतरी रोज कोण असेल याचा नेम नाही.

कोतवाल म्हणजे ऑफिसातली सगळी यंत्रं सांभाळणारा माणूस. कुणाचं खातं उघडायचं, कुणाचं बंद करायचं, कुणी कुठल्या फोल्डरात शिरायचं, सगळं त्याच्या हातात, म्हणून हे नाव. आणि ते तिनेच पाडलेलं, नोकरीच्या पहिल्या वर्षी. त्याला ते आवडलं होतं की नाही हे तिला कधी कळलं नाही. आता मजल्यावरचे सगळेच त्याला कोतवाल म्हणतात, नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नाही. अशा गोष्टी राहतात. माणूस जातो, त्याने पाडलेलं नाव राहतं... पण मी गेलेले नाही, तिने स्वतःला सांगितलं, मी रजेवर होते.

रजा. आधी सहा महिन्यांची, मग वाढवलेली, मग बिनपगारी, मग नुसतीच लांबत गेलेली — आणि सव्वा महिन्यापूर्वी मास्तरांचा फोन. मास्तर म्हणजे टीमचे प्रमुख. साधी गोष्टही फळ्यावर लिहून समजावतात. ‘सहा आठवडे घरून काम करून बघ, मग आपण ठरवू,’ ते म्हणाले होते. सहा आठवडे येत्या रविवारी संपतात. सोमवारी मास्तर सांगणार.

पहिल्या दिवशी तिने भीतभीत जुन्या यंत्रावर आपलं नाव टाकलं, जुना पासवर्ड टाकला, आणि दार उघडलं. तीन वर्षांनी. आत सगळं जसंच्या तसं — तिचे फोल्डर, तिच्या अर्धवट टिपणांच्या फाइली, शेवटच्या दिवशी घाईघाईत दिलेल्या आज्ञांची यादी, तीतल्या टायपायच्या चुकांसकट. कुणी काही पुसलं नव्हतं. तिला रडू आलं होतं, इथेच, याच टेबलाशी. नवरा संध्याकाळी आला तेव्हा ती त्याला म्हणाली, ‘माझी जागा ठेवलीय त्यांनी.’ तो म्हणाला, ‘ठेवणारच की.’ बूट काढता काढता म्हणाला. त्या ‘ठेवणारच की’वर ती पाच आठवडे जगली होती, हे तिने त्याला सांगितलं नव्हतं.

तिने निरोपाला उत्तर लिहिलं — ‘माझ्याकडे चालतो’ — आणि पुसलं. हे वाक्य लिहिणारी माणसं तिला कधी आवडली नव्हती.

परत पहिल्यापासून बघू. डोकं शांत ठेवून. ऑफिस लिफ्टसाठी प्रोग्राम लिहितं: कुठल्या मजल्यावर थांबायचं, दार किती वेळ उघडं ठेवायचं. माणसांनी लिहिलेला प्रोग्राम लिफ्टमधल्या यंत्राच्या भाषेत नेतो तो कंपायलर, म्हणजे मधला दुभाषा. लिफ्टमधलं यंत्र जुन्या वळणाचं, त्याचा दुभाषा तयार मिळत नाही, म्हणून तो मूळ कोडवरून आपला आपण बांधावा लागतो. आणि बांधायला बसलं की पहिल्या दोन मिनिटांतच तो अडून बसतो: आधी तीन लायब्रऱ्या आणा. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच नीट करून ठेवलेलं काम. इथली पहिली अवाढव्य पूर्णांकांची. दुसरी अपूर्णांकांची — शेवटचा आकडा कुठे आणि कसा तोडायचा याबाबत भलतीच काटेकोर. तिसरी संमिश्र संख्यांची. तिसरी दुसरीवर टेकते, दुसरी पहिलीवर, आणि कंपायलर तिघींवर. गेल्या दोन-चार दिवसांत तिने ह्या तिघी क्रमाने बांधल्या, आपल्या खात्यातल्या फोल्डरात ठेवल्या, मग कंपायलर बांधला. तो स्वतःला तीनदा बांधतो — एकदा जुन्या कंपायलरच्या हातून, मग त्यातून निघालेल्याच्या हातून, मग त्याच्याही — आणि शेवटच्या दोघांना शेजारी ठेवून ताडून बघतो. दोघं सारखे निघाले तर खरं. पहिल्याला धरत नाहीत. त्याच्यावर अजून जुन्याचा हात असतो. हा भाग तिला नेहमी आवडायचा. परवा, खारूच्या अंगावर साबण असताना, तिला वाटलं होतं की मलाही कुणीतरी असं ताडून बघावं — तीन वर्षांपूर्वीची एक आणि आताची एक. पण तीन वर्षांपूर्वीची आणायची कुठून...

सारखे निघाले होते ते दोघं. मग?

फोन थरथरला. तिने तो उचलून बाल्कनीच्या दाराशी नेला, तोंडावर हात धरला.

“अशी काय कुजबुजतेस? चोरी करतेयस का कुठे?” कोतवाल म्हणाला.

“मुलगी झोपलीय. बोल.”

“मी बघितलं जरा. तुझा कंपायलर त्या तीन लायब्रऱ्या तुझ्या फोल्डरात शोधतोय. म्हणजे शोधत नाहीये — तू आत शिरतेस तेव्हा तूच त्याला वाट दाखवतेस. तुझ्या खात्यात एक ओळ आहे, तू शिरलीस की आपोआप चालणारी, तीत पत्ता आहे. माझ्या खात्यात ती ओळ नाही, म्हणून माझ्याकडे तो आंधळा.”

“हो,” ती म्हणाली. एकदम आठवलं तिला. ती ओळ तिचीच. जुन्या यंत्रावर लिहिलेली. नव्यावर सामान हलवताना तीही आपसूक आली असणार, डब्यात राहिलेल्या मागच्या घराच्या किल्लीसारखी. “हो रे. माझंच चुकलं. करते नीट.”

“पण मला हसू येतंय ते वेगळ्याच गोष्टीचं.” तो खरंच हसत होता. “जुन्या कंपायलरचीही हीच तऱ्हा होती ना. त्यात तर तू पत्ता आतच कोरून ठेवला होतास. तुझ्या घरचा, म्हणजे तुझ्या खात्यातल्या फोल्डरचा.”

“जुन्यात?”

“अगं, तुला माहीतच नाही का? तू रजेवर गेलीस आणि महिन्याभराने मी तुझं खातं बंद केलं. नियमच आहे तो. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा मजला हातावर हात धरून बसला. अठरा माणसं. कुणाचाच कंपायलर चालेना. मास्तर लालबुंद. दुपारपर्यंत मला कळेना काय झालंय, मग दिसलं — ह्या बाईसाहेबांच्या घरात तीन लायब्रऱ्या, आणि सगळं ऑफिस तिथे जाऊन येतंय. उघडलं परत तुझं खातं. वर चिठ्ठी लावली: या खात्याला हात लावू नये. तीन वर्षं झाली, अजून आहे. नवीन आलेले विचारतात, ही कोण? मी म्हणतो, आहे एक.”

तीही हसली. हसायलाच हवं होतं. बाल्कनीत वाळत घातलेल्या खारूच्या मोज्यांची एक जोडी कठड्याच्या आतल्या बाजूला पडली होती. तिने वाकून ती उचलली, एकात एक घातली, परत वेगळी केली.

“म्हणजे... म्हणून ठेवलं होतं.”

“मग काय तर. आणि हे बघ, शुक्रवारी जुनं यंत्र बंद होतंय, त्याच्याबरोबर तिथली खातीही गेली. नव्यावरचं तुझं खातं रविवारपर्यंतचंच आहे, पुढचं मास्तर काय ते सांगतील. तेव्हा कंपायलर कसा ठेवायचा ते तू ठरव, मला नुसता चालायला हवा. मात्र परत तुझ्या घरचा पत्ता कोरलास तर मला परत चिठ्ठी लावावी लागेल.” तो पुन्हा हसला. “चल. झोपू दे लेकीला.”

फोन बंद झाल्यावरही ती तो कानाशी धरून उभी होती, सवयीने.

आहे एक.

ती परत टेबलाशी येऊन बसली आणि काही वेळ तिला काय वाटतंय हेच तिला सापडेना. राग? कुणाचा? कोतवालाने नियमाने बंद केलं, गरजेने उघडलं. लाज? चूक तर तिचीच होती, आणि चुकीला कारणही होतं: आठवा महिना, पोट टेबलाच्या कडेला लागायचं म्हणून कीबोर्ड मांडीवर घेऊन केलेलं काम, चार दिवसांत संपवायचं होतं, तात्पुरतं म्हणून पत्ता कोरला आणि कोरला हे विसरली, कारण पाचव्या दिवशी ती इस्पितळातल्या दुसऱ्याच एका खोलीत होती, दुसऱ्याच एका कामाला. माझी जागा ठेवलीय त्यांनी... जागा नव्हती ठेवली. तीन फाइली ठेवल्या होत्या. त्यांच्याभोवती मी आपोआप राहिले, बी ठेवायचं म्हणून फळाची साल ठेवावी तशी.

पण — आणि इथे तिला धड सरळ विचार करता येईना — पण मग ती तीन वर्षं? ती नसतानाची ती सगळी तीन वर्षं, रोज सकाळी नऊ वाजता अठरा माणसं कामाला बसत होती, आणि प्रत्येक जण काहीही बांधायला लागला की आधी तिच्या घरात जाऊन येत होता. ती खारूला खांद्यावर टाकून पाठ थोपटत होती, तेव्हा. तोंड धुवायला वेळ नसायचा तेव्हा. दुपारी जिन्यात उभं राहून, कुणी दिसायच्या आत डोळे पुसायची तेव्हाही. आपण कुणालाच लागत नाही, ह्या एका पोराशिवाय जगात कुणाचं आपल्यावाचून काही अडत नाही, असं तिला वाटायचं त्याच मिनिटाला अठरा माणसांचं अडत होतं. त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. जे कुणालाच माहीत नव्हतं ते होतं की नव्हतं? ही कुठली तरी फुशारकी म्हणायची की विनोद म्हणायचा, तिला कळेना.

सासूबाई आत आल्या, पावलं न वाजवता. दुपारी चहाच्या आधी त्या नेहमी एकदा येऊन ओट्यावर नजर टाकतात, सगळं आहे ना जागच्या जागी, म्हणून.

“जेवलं का तुझं ते यंत्र?” चार दिवसांपूर्वी त्यांना तिने सांगितलं होतं की ते तीन गोष्टी मागतंय म्हणून अडलंय.

“जेवलं. पण माझ्याच हातून जेवतं म्हणे. बाकी कुणाच्या नाही.”

“मग बरंय की,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी फळीवरचा एक डबा न बघता उचलला, आत चहाचीच पूड होती. “आपली सवय लावून ठेवावी थोडी. नाहीतर कोण विचारतंय.”

त्या चेष्टेत म्हणाल्या. बहुतेक चेष्टेतच. ती त्यांच्या हाताकडे बघत राहिली. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात तिने ह्या सगळ्या डब्यांवर चिकटपट्ट्या लावल्या होत्या, सुबक अक्षरांत नावं लिहून. एकसारखे बावीस डबे, तिला काही सापडायचं नाही. दोन दिवसांनी बघते तर सगळे डबे कोरे. सासूबाईंनी ते कोमट पाण्यात बुडवून एकेक चिठ्ठी सोडवली होती. ‘कशाला डब्यांवर डाग?’ म्हणाल्या होत्या, ‘मला विचारत जा ना.’ तेव्हा तिला केवढा राग आला होता. नवऱ्याशी दोन दिवस बोलली नव्हती, त्याचा काही संबंध नसताना. आज तिला वाटलं, उठावं आणि ह्या बाईच्या पाठीवर हात ठेवावा. पण उगाच त्या दचकल्या असत्या.

“आई,” ती म्हणाली, “तुम्ही मागे पंधरा दिवस नव्हता, तेव्हा मला सगळं सापडलं होतं.”

“माहीत आहे.” सासूबाईंनी गॅस लावला. “आल्यावर बघितलं ना मी. एकही डबा चुकला नव्हता तुझा.” मग थोड्या वेळाने, पातेल्यात बघत — “बोलले का मी काही?”

चहा झाला. सासूबाई आपला कप घेऊन बाहेरच्या खोलीत गेल्या, जाताना तिचा कप लॅपटॉपपासून चार बोटं लांब ठेवून.

दोन वाटा होत्या. दोन्ही तिला स्पष्ट दिसत होत्या, आणि तरी गोंधळ जात नव्हता. एक — पत्ता कोरायचा. शेवटच्या पायरीत एक ओळ, पंधरा-वीस अक्षरं. तिच्या फोल्डराचा पत्ता कंपायलरच्या पोटात जाईल, सगळ्यांकडे चालेल, कोतवालाकडेही, पाच वाजायच्या आत काम संपेल. आणि रविवारी तिचं खातं बंद करायला कुणी गेलं तर सोमवारी सकाळी अठरा माणसं हातावर हात धरून बसतील. कुणी मुद्दाम केलं असं म्हणणार नाही. विसरली असेल म्हणतील. मागेही विसरली होती. एक ओळ आणि एक चिठ्ठी... आणि मी आहे. सोमवारी मास्तर काहीही म्हणोत, मी कुठेतरी आहे.

दुसरी वाट त्या कोडसोबतच्या माहितीत पहिल्याच पानावर लिहिलेली, तीन वर्षांपूर्वीही लिहिलेली असणार, तिने वाचलीच नव्हती: लायब्रऱ्या वेगळ्या बांधू नका. तिघींचा मूळ कोड आणा, कंपायलरच्या कोडच्या फोल्डरात ठेवा, नावापुढचे आवृत्तीचे आकडे काढून टाका. आकडे ठेवून नेलं तर तो ओळखच दाखवत नाही. माहेरचं आडनाव उंबऱ्याबाहेर ठेवून आलेल्या सुनेसारखं नुसत्या नावाने आत यायचं. मग कंपायलर तिघींना आपणच बांधतो, आपल्यातच मिसळून घेतो, आणि मग त्याला कुणाच्याच घरी जावं लागत नाही. कुणाच्याही खात्यातून चालवा. ज्याने बांधला त्याला विसरा.

नीट काम म्हणजे हेच, ती शिकली होती. नीट काम म्हणजे जे तुझ्यावाचून चालतं. मग माझं नीट काम झालं की मी... हे वाक्य तिला पुरं करता येईना. ती ते तीन वेळा त्याच जागी आणून सोडत होती. आणि तिथूनच ते सारखं खारूकडे वळत होतं, आणि तिला ते वळू द्यायचं नव्हतं, कारण खारू कंपायलर नाही, खारूच्या पोटात कुणाचा पत्ता कोरलाय आणि कुणी कोरलाय हे कुठल्या आज्ञेने विचारायचं... चहावर साय धरली.

ठरवलं असं म्हणता येणार नाही. हाताने केलं. तिने तीन फोल्डर आणले, कंपायलरच्या कोडशेजारी नाही, आत ठेवले. पहिल्याचे आकडे काढले. दुसऱ्याचे. तिसऱ्याचे काढताना चुकून एक अक्षर जास्त पुसलं, ते परत घातलं. आपल्या खात्यातली ती जुनी ओळ उघडली — वाट दाखवणारी, तीन वर्षांची ओळ — आणि बराच वेळ तिच्या शेवटी कर्सर लुकलुकत राहिला. मग ओळ नव्हती. मग बाहेर एक रिकामं फोल्डर करून तिथून बांधायची आज्ञा दिली आणि हात मांडीवर घेतले.

पडद्यावर ओळी धावू लागल्या. ह्यावेळी तो अडला नाही, काही मागितलं नाही. पहिली लायब्ररी, मग दुसरी, त्याने आपणच क्रम लावला. तिला त्यात कुठे शिरायला फटच नव्हती. तिला हलकं वाटलं, ओझं उतरवल्यावर खांदा वर येतो तसं, आणि लगेच भीती, कारण खांद्यावर काहीच नाही म्हणजे आता... की ही भीती नव्हतीच, हलकं वाटणंच असं असतं आणि आपण ते विसरलोय? तिने दोन्ही पुन्हा पुन्हा चाचपून बघितली, अंधारात दोन सारखे कपडे चाचपावेत तशी, आणि कुठलं कुठलं ते तिला सांगता येईना.

पाठीमागे अनवाणी पावलं वाजली. खारू आली, एका गालावर उशीची घडी उमटलेली, केस एकाच बाजूने उभे. तिने आईचा हात बाजूला केला आणि मांडीवर चढली, गरम, झोपेने जड. दोघी पडद्याकडे बघत बसल्या. ओळी वर वर जात होत्या.

“हे तू लिहितेस?” खारूने विचारलं.

“नाही गं. ते आपलं आपण चाललंय.”

“तू थांब म्हटलं तर थांबेल?”

“थांबेल. पण थांबवायचं नाहीये.”

“तुला काही करायचंय त्यात?”

“आता नाही.”

खारूने विचार केला. तिने मान मागे टाकून आईचं तोंड खालून बघितलं, हनुवटी, नाकपुड्या, डोळे, एकेक करत.

“मग तू इथे का बसलीयेस?”